साहेब येणार म्हणून उभी केलेली आमराई

५ जुलै १९९७
आजपासून मी फळबागायतदार. सरकारी योजनेतली आंब्याची कलमं लावली. गाव सगळं धानाच्या चिखलात कंबर मोडून घेतं. व्हिजन म्हणून नाहीच. मी कलमं थेट धानाच्या बांधीत, पाणी साचवलेल्या खाचरात लावली, म्हणजे पाण्याची चिंता मिटली. बांधीत आंबा लावते का कोणी, असं मीराबाईने विचारलं. बायको आहे, बोलणारच. साहेबांना पाहणीत कलमं जिवंत दिसली की अनुदान, आणि अनुदानातून मोटरसायकल. सिंपल.

३ ऑगस्ट
जिवती अमावास्या. शेजारच्या दसरूने धानात बिब्याच्या फांद्या खोचल्या. म्हणे रोग लागत नाही. एकविसावं शतक तोंडावर आलं आणि हा फांद्या खोचतो. शेताच्या धुऱ्यावर उभा राहून मनसोक्त हसलो.

२८ ऑगस्ट
कलमं कुजली. सगळी. नर्सरीचा माल थर्डक्लास. पाणी गुडघाभर होतं हे खरं, पण चांगल्या कलमाने तेवढं सोसायला नको?

९ सप्टेंबर
आरमोरीला गफ्फारभाईच्या खताच्या दुकानात पाहणीबद्दल विचारलं. तो म्हणाला, "बापूराव, सायब वावरात जात नाई. घरी सावलीत बसते, जेवते अन् सही करते." या दुकानदारांना शासन म्हणजे पानठेला वाटतो. पाहणी म्हणजे पाहणी. माझा प्लॅन तयार आहे.

२२ सप्टेंबर
उद्या पाहणी. अंगणातल्या आंब्याच्या फांद्या तोडून एकेका खड्ड्यात खोचल्या. लांबून फर्स्टक्लास आमराई. दसरूची ती अंधश्रद्धा, हे मॅनेजमेंट.
झाड मीराबाईने माहेरच्या कोयीपासून वाढवलेलं. त्याच्या लोणच्यासाठी ब्रह्मपुरीहून पाहुणे येतात. तिला सांगितलं, छाटणीने झाड जोम धरतं. कुठेतरी वाचलंय.

२४ सप्टेंबर
साहेब आले नाहीत. जीप बिघडली म्हणे. सरकारी कारभार, दुसरं काय. फांद्यांनी माना टाकल्या.

६ ऑक्टोबर
नवी तारीख, नव्या फांद्या. मीराबाई खोडाला टेकून उभी राहिली. म्हणाली, "माह्या झाडाले आता हात नोका लावू." समजावलं की मोटरसायकल आली की डबलसीट तुझ्या माहेरी जाऊ. बाजूला झाली. शेवटी तिलाही योजना कळली.
साहेब आले नाहीत.

१७ ऑक्टोबर
परत नवी तारीख. शेंड्यावरच्या उरलेल्या फांद्याही उतरवल्या. झाड छान मोकळं दिसतंय. मीराबाईने अंगणाकडचं दार लावून घेतलं. गावातल्या बायकांना लाँग टर्म विचार जमत नाही.

१८ ऑक्टोबर
साहेब आले. ऊन रणरणतं. अंगणात येताच पेन उघडलं आणि कुठी बसू म्हणाले. मीराबाईने ताट आणलं. घरात लाइट नव्हती, आत भट्टी. अंगणात नुसतं खोड.
साहेबांनी हाताने डोक्यावर सावली धरली. म्हणाले, "तुमच्या वावराकडं ते मोहाचं झाड दिसून राह्यलं, तिथीच बसू."
मी म्हणालो चिखल आहे, विंचू आहेत, साप आहेत. साहेब निघालेसुद्धा. ताट घेऊन मागे मी.
मोहाखाली पोटभर जेवले. लोणचं दोनदा मागितलं. कलमांकडे एकदाही पाहिलं नाही. मग सहीसाठी उठताना आधाराला शेजारचं कलम धरलं. ते हातात आलं.
साहेबांनी तुटलेलं टोक पाहिलं. दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. पेन बंद केलं. जीपकडे चालू लागले.

१९ ऑक्टोबर
अर्ज नामंजूर. दसरूचं धान बिनरोगाचं उभं आहे. तिकडून जाणं बंद केलं.
जेवताना लोणचं मागितलं. मीराबाई म्हणाली, "बरणीतलं शेवटचं सायबाले वाढलं."
पुढचं कधी घालशील, विचारलं. ती उठली आणि अंगणाकडचं दार पूर्ण उघडून ठेवलं. मला समोर ते खोड दिसत राहिलं.