आपल्या हुकावरची चावी

अप्पा,

तुमच्या गाडीची चावी मी हरवली. जुहूला वाळूत बसून भेळ खाताना पर्समधून रुमाल काढला, तेव्हा पडली असावी; गाडी मात्र घरीच होती. तुम्ही असतात तर आधी चष्मा काढून पुसला असतात आणि मग आईकडे बघून म्हणाला असतात, "बघ तुझी लेक." माझ्या हातून काही बिघडलं की मी आईची लेक व्हायची आणि बक्षीस मिळालं की तुमची. असो. चावी हरवली, आणि तिच्यापायी जे सापडलं ते तुम्हाला सांगायला बसले आहे.

आपल्या मुलुंडच्या इमारतीचं पार्किंग तुम्हाला आठवत असेलच. रस्त्यापेक्षा खाली, आणि एका गाडीमागे दुसरी लावायची. मागच्याला निघायचं तर पुढची हलवायलाच हवी, आणि तो चढ असा की ढकलून गाडी वर जात नाही. म्हणून प्रत्येक घराने एक जादा चावी वॉचमनच्या केबिनमध्ये आपापल्या नंबराच्या हुकावर टांगायची. हा नियम तुमचा, सेक्रेटरीसाहेबांचा. मीटिंगमध्ये काय भाषण ठोकलं होतंत! शेजारधर्म, विश्वास, अडीअडचण. पहिली चावी टांगली तीही तुम्हीच, टाळ्या घेऊन. आपल्या मागे दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची गाडी असायची. त्यांना कधीमधी निघायचं असलं की तुम्ही स्वतः खाली उतरायचात. "वॉचमनला कशाला त्रास? मी आहे ना!" लोकांना तो तुमचा मोठेपणा वाटायचा. मलाही वाटायचा, हे लिहिताना आता दात शिवशिवतात.

मग तो दिवस आला. आपण तिघं बोरिवलीला साखरपुड्याला गेलो होतो, बसने, कारण गाडी काढली तर जागा जाते. इकडे दुपारी काकांच्या छातीत कळ आली. त्यांचा मुलगा गाडीत बसून हॉर्न मारतोय आणि वॉचमनकाका आपल्या हुकावरची चावी घेऊन धावतायत. दार उघडलं, स्टार्टर फिरला, पण इंजिन काही धरेना. शेवटी वॉचमनकाकांनी आजाऱ्याला उचलून रस्त्यावर नेलं, रिक्षा थांबवली आणि त्यांना मांडीवर घेऊन स्वतः हॉस्पिटलात गेले. काका वाचले. तुमचं नशीब.

संध्याकाळी आपण परतलो तेव्हा गेटवर गर्दी होती. तुम्ही चावी घेतलीत, सगळ्यांदेखत लावून पाहिलीत, मान हलवलीत. "भिजवलीस तू ही. पाणी गेलंय आत." तुमच्याहून वयाने मोठ्या माणसाला तू. ते म्हणाले, "साहेब, हुकावरून हलली पण नाय ती." त्यावर तुम्ही दुसरा गुन्हा काढलात: गेट उघडं टाकून गेला. त्याच आठवड्यात त्यांना काढलं. तुम्ही त्या रात्री जेवताना म्हणालात, "ह्यांना जबाबदारी कळत नाही," आणि सोलकढी पुन्हा मागितलीत. ह्या 'ह्यां'मध्ये कोण कोण येतं, ते आपल्या घरात कुणाला विचारावं लागत नसे.

आता गेल्या आठवड्यातलं ऐका. चावी हरवल्यावर घाटकोपरहून एका चावीवाल्याला बोलावलं. मोठा बोलबच्चन माणूस. कानात इअरफोन, आल्याआल्या विचारतो, "साहेब नाहीत घरी?" म्हटलं, साहेब वर गेले, तुम्ही काम करा. तो म्हणाला, जुनी दुसरी चावी असली तर सोपं पडेल. ती तुमची 'भिजलेली' चावी आईने ड्रॉवरमध्ये जपून ठेवली होती. आपल्या घरात टाकत काही नाहीत. त्याने ती जेवणाच्या टेबलावर उघडली आणि हसायला लागला. "मॅडम, ह्याच्यात पाणीबिणी काय नाय गेलंय, सगळं कोरडं आहे. चिपच नाय. कोणीतरी काढून कापूस भरलाय." पिनेने त्याने तो कापूस बाहेर ओढला. अप्पा, ती वात होती. दोन्ही टोकांना निमुळती, मधे जराशी फुगीर. अशी वात आपल्या घरात फक्त एकच माणूस वळायचा. दर रविवारी, मांडीवर पंचा टाकून, आम्हाला प्रामाणिकपणावर चार शब्द ऐकवत.

मी काही बोलणार तेवढ्यात त्याने पिशवीतून नमुना काढून दाखवला. "अशी असते चिप. हिच्याशिवाय गाडी चालूच नाय होणार." काळी, गुळगुळीत, चिंचोक्याएवढीही नाही. आई चहा घेऊन आली होती. तिने वाकून बघितलं आणि अगदी सहज म्हणाली, "अगो, असो आमच्या देवात आसा." "काय आहे?" "शाळिग्राम. तुझ्या बापाशीन बाळकृष्णाच्या पाटाखाली ठेवललो. मी रोज आंघोळ घालतंय त्याका."

आणली तिने. गंध लावलेली, तुळशीचं पान चिकटलेली. चावीवाल्याने अंगठ्याने गंध पुसलं, चिप बसवली, आम्ही खाली गेलो. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली! तो खूश, म्हणतो, "काय क्वालिटी आहे बघा, इतकं पाणी पिऊन पण झकास!" मला त्या क्षणी तुमची किळस आली. खोटेपणा पुष्कळ लोक करतात, अप्पा. पण तो देवाच्या पाटाखाली ठेवायचा, त्याच्यासमोर रोज घंटा वाजवायची, आणि मागे राहिलेल्या बायकोला काही न सांगता तिच्याकडून त्याची पूजा करवून घ्यायची, हे फक्त तुम्हालाच जमलं. आणि कशासाठी? चार चाकांच्या पत्र्याला दुसऱ्याचा हात लागू नये म्हणून. ह्यांचा हात.

आई वर येऊन देव्हाऱ्यासमोर बसली. मग म्हणाली, "तो वॉचमन खंय ऱ्हवता आता? त्याका सांगूक व्हया."

ते माहूलला राहतात, पुनर्वसनाच्या इमारतीत, गुडघे गेलेत. आम्ही दोघी गेलो. आपल्याकडून काढल्यावर त्यांना कुठल्या गेटवर धड काम मिळालं नाही. जिथे ते काम मागायला जात, तिथून आपल्या सोसायटीत फोन यायचा आणि तो तुम्ही उचलायचात. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. ऐकून घेऊन ते म्हणाले, "मला काय सांगता ताई? मी नव्हती भिजवली, हे मला ठाऊकच होतं. जिथं मला बोलले, तिथं सांगा."

म्हणून काल, रविवारी, त्यांना घेऊन आलो. तुमच्याच गाडीतून, तुमच्या सीटवर पुढे बसवून. पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग होती. मी उभी राहिले आणि वातीपासून शाळिग्रामापर्यंत सगळं सांगितलं. आताचे सेक्रेटरी पुटपुटले, "जाऊ द्या ना, गेलेल्या माणसाबद्दल कशाला..." तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे काका काठी टेकत उठले. "गेलेला तर मी असतो. हा माणूस होता म्हणून आहे." आणि आपली खुर्ची त्यांनी वॉचमनकाकांना दिली. ते बसले. पाठ टेकून, पायावर पाय टाकून बसले, आणि मीटिंग संपेपर्यंत उठले नाहीत. सोसायटीच्या ऑफिसातला तुमचा फोटो आईने स्वतः काढून आणला. तो सध्या माळ्यावर आहे, भिंतीकडे तोंड करून.

हे पत्र कुठे ठेवायचं, हा प्रश्नच आहे. देव्हाऱ्यात तर नक्कीच नाही. बहुतेक फाडून टाकीन.

एक मात्र सांगायचं राहिलं. नव्या दोन चाव्या करून घेतल्या आणि त्यातली एक काल आपल्या हुकावर टांगली. चालणारी. सगळ्यांसमोर इंजिन चालू करून दाखवलं आणि मगच टांगली. पण आज हे लिहिता लिहिता मी सारखी उठून खिडकीशी जाते आहे, कुणी गाडीला हात तर लावत नाही ना, ते बघायला.