केनीचे इंजिन केनीला

कप्पीची साखळी ओढता ओढता इंजिन फ्रेममधून अर्धे बाहेर आले, तेव्हा शेजारच्या गाळ्यातला लेथवाला श्रीपत म्हणाला, “बॅप्टिस्ट, पन हे आता कोनाचं, ते तरी कागदावर लिव.” इंजिन पूर्ण उतरवून फळीवर ठेवले, हात रॉकेलने धुतले आणि लिहायला बसलो.

मी, बॅप्टिस्ट फ्रान्सिस तुस्कानो, वय ६७, राहणार वटार, तालुका वसई, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, गाळा वालीव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे. चार वर्षांपूर्वीही होते, म्हणून त्या वेळी केले त्याला ती सबब नाही.

१. वटारचे घर, केळीची वाडी आणि बँकेत उरेल ते माझे मुलगे केनी व ज्युड यांना निम्मे निम्मे. वाडीच्या उत्तरेच्या कुंपणावरून चुलतभाऊ बर्नार्डशी कोर्टात जाऊ नये. त्याने कुंपण चार हात आत सरकवले, हे खरे आहे. पण दुसऱ्याला खोटा म्हणण्याचा हक्क मी घालवून बसलो आहे.

२. मोटारसायकली तीन. तिन्ही एकाच घराण्यातल्या, साडेसहाशे सीसी, दोन सिलिंडर. केनीची पुढे वाकून बसायची. ज्युडची सरळ हँडलची. माझी बुटकी, पाय पुढे टाकून चालवायची. टाकी, सीट, हँडल वेगळे. इंजिन तिन्हींत एकच, बोल्टांच्या जागाही त्याच. बनवणाऱ्यांनी ते सोयीसाठी केले. मी त्याचा उपयोग चोरीसाठी केला.

हकीकत अशी. डिसेंबर २०२१ मध्ये, ज्युडच्या लग्नाला दहा दिवस असताना, महामार्गावर त्याच्या इंजिनातले ऑइल गळून इंजिन जाम झाले. सुटे भाग यायला महिना लागणार होता. त्याला नवरी ॲनिशाला मागे बसवून चर्चमधून निघायचे होते. केनी जहाजावर नोकरीला होता. त्याची गाडी माझ्याकडे उभी होती. ज्युड म्हणाला, “डॅडी, केनीचं तर सेमच आहे ना? कोणाला कळणार?” एका दुपारी मी केनीचे इंजिन काढून ज्युडच्या गाडीत चढवले. जाम झालेले इंजिन केनीच्या गाडीत बसवून वर ताडपत्री टाकली.

केनी जुलैत रजेवर आला. बटण दाबले. इंजिन फिरेना.

“डॅडी, हे खोललं होतंस?”

“नाही.”

“मम्मीची शपथ?”

माझी बायको इनेझ तिथेच भाजी निवडत होती. तिला माहीत होते. मी शपथ घेतली.

केनीने केसिंग फडक्याने पुसले, आरसी बुक हातात धरले आणि इंजिनवर कोरलेला क्रमांक एकेक आकडा मोठ्याने वाचला. आकडा बुकाशी जुळेना, तिथे थांबला. ज्युडकडे वळून म्हणाला, “लग्नाचा आहेर आवडला ना?”

“लोखंड आहे रे. देतो परत.”

“दे मग.”

ज्युड उठला नाही. मीही उठलो नाही.

“एक फोन केला असतास तर हो म्हटलं असतं, डॅडी,” केनी म्हणाला. “तुला विचारायची सवय नाही, हे मीच विसरलो.”

त्यानंतर तो घरात आला नाही. इनेझच्या दफनाला थेट चर्चमध्ये आला, मूठभर माती टाकली आणि तिथूनच विमानतळावर गेला.

३. ज्युडला माहीत नसलेली गोष्ट. त्याला वाटते, ऑइलचा दिवा लागूनही त्याने गाडी पळवली म्हणून इंजिन गेले. मीच त्याला तसे सांगितले. खरे असे की आदल्या दिवशी ऑइल मी बदलले. ऑइल सोडायचा खालचा प्लग बोटांनी बसवला आणि पाना लावायचा राहिला. बॅप्टिस्टच्या हातचा नट सुटत नाही, असे वालीवमध्ये छत्तीस वर्षे म्हणतात. ते एक वाक्य वाचवण्यासाठी मी एका मुलाला दोषी ठेवले आणि दुसऱ्याला लुटले.

४. ज्युडने आपली गाडी सर्व्हिसिंगसाठी गाळ्यात आणून लावली आहे. तिच्यातून आज उतरवलेले इंजिन केनीचे आहे. ते केनीच्या गाडीत बसवावे. ज्युडचे ज्युडला परत द्यावे, आहे तसे.

५. माझी बुटकी मोटारसायकल सून ॲनिशा हिला. तिचे इंजिन कोणी काढू नये. ती गाडी मी २०२३ मध्ये घेतली, ती तिचे इंजिन केनीला देता येईल म्हणून. विचारायची छाती झाली नाही. जेवताना “केनीभाऊ कसे आहेत?” एवढे विचारणारी या घरात ॲनिशा एकटीच.

६. पाने, पुलर, साखळी-कप्पी ज्युडला. टॉर्क रेंच, म्हणजे नट नेमका किती आवळायचा ते दाखवणारा पाना, भिंतीवरून काढू नये. त्या दिवशीही तो तिथेच होता.

७. मला इनेझच्या कबरीत पुरावे. दफनाआधीच्या मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या वेळी माझ्या कसबाची स्तुती करू नये. फादरना हे आधीच सांगावे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मी दोघा साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली. तिसरे कलम ऐकताना श्रीपतने मान वर केली नाही.

बॅप्टिस्ट फ्रान्सिस तुस्कानो (सही)

साक्षीदार:
१. श्रीपत गोविंद भोईर, लेथकाम, वालीव (सही)
२. व्हिव्हियन जोसेफ डाबरे, निवृत्त शिक्षक, निर्मळ (सही)

वालीव, मंगळवार, १३ जानेवारी २०२६

बुधवार सकाळची नोंद. ज्युड नऊ वाजता गाडी न्यायला आला. कागद त्याने उभ्यानेच वाचला. “प्लग तू सैल ठेवलास?” मी हो म्हणालो. “चार वर्षं मी केनीला फोन नाही केला, डॅडी. कुठल्या तोंडाने करणार होतो?” तो बाहेर गेला आणि त्याने केनीला फोन लावला. पाऊण तास बोलत होते. एकदा हसलाही. मला फोन दिला नाही.