लेक समजून

१२ जानेवारी

माझ्या वही, लिहायला फार उशीर झाला, माफ कर. हात धजत नव्हता.

शेठच्या तुंगार्लीच्या बंगल्यात दोन वॉलबी आहेत. मी कांगारूच म्हणायचो. एक मोठी, लाल मानेची. दुसरी तिच्या निम्मी, गळ्याशी पांढरी. मध्ये जाळी. दाणापाणी माझं, झाडलोट बहिरूची.

धाकटी सारखी जाळीला नाक लावून बसायची. मला वाटलं — मायलेकी! लेकराला आईपासून तोडलंय! गेल्या मंगळवारी संध्याकाळी फाटक उघडून तिला मोठीकडे सोडलं आणि नमाजाला गेलो.

आलो तर धाकटी कोपऱ्यात धापा टाकतेय, अंग ओरबाडलेलं. हाकलून परत आणली, कडी लावली. गवतात काहीतरी गुलाबी, बिनकेसांचं पडलं होतं. उंदराचं पिल्लू समजून केरात लोटलं.

या अल्ला!

१३ जानेवारी

पुढचंही लिहितो. बुधवारी सकाळी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. बहिरूनं विचारलं, "बाई, ही मोठीचीच लेक न्हवं?"

"लेक कसली! जातच वेगळी. वॉलबीच्या कितीतरी जाती — कोणी खडकात राहणारी, कोणी दलदलीत. ही पार्मा जातीची. वाढून एवढीच राहते. चांगली लेकुरवाळी आहे." मग धाकटीच्या पोटाची पिशवी चाचपली. "पिल्लू कुठंय? भ्याली की टाकून देते."

बहिरूनं केर उपसला. सापडलं, गार पडलेलं.

"रात्रीच उबेत ठेवलं असतं तर कदाचित..." बाई म्हणाल्या.

शेठ ओरडले, "फाटक कोणी उघडलं?" मी चपलांकडे बघत राहिलो. बहिरूनं माझ्याकडे बघितलं. एकदाच.

१५ जानेवारी

शेठनी बहिरूला आत बोलावलं. काय बोलणं झालं ठाऊक नाही. कामावरून काढलं. मी बाहेर चहा गाळत होतो!

ताजुन्निसा विचारते, "घास नुसता फिरवताय काय?" म्हटलं, दाढ दुखते. बायकोशीही खोटं.

१६ जानेवारी

बहिरूची लेक चिंगी त्याचं घोंगडं न्यायला आली. "बा उर्से गावाकडं काम हुडकाया गेलाय, आबा. तुमास्नी सांगितलंय, जिवाला लावून घेऊ नका."

तिला पाणीसुद्धा विचारलं नाही मी. तोंडच वर होईना.

१९ जानेवारी

शेठना सगळं सांगितलं. फाटक मी उघडलं, पिल्लू मी केरात टाकलं.

शेठ हसले. "कादरभाऊ, बहिरू स्वतःच्या तोंडानं कबूल करून गेलाय. त्याच्यासाठी खोटं बोलू नका. भले आहात फार." आणि माझी पाठ थोपटली!

बहिरू, असशील तिथून निरोप धाड. लवकर धाड. तू आल्याशिवाय माझं खरं कोणी मानत नाही.