पाण्याची बाजू

३ एप्रिल, सोमवार
पोहोचलो. घर पाहिलं आणि प्रवासाचा शीण पळाला! होड्या बांधणाऱ्या सुतारांनी नदीकाठी बांधलेलं अख्खं लाकडी घर. भिंती होडीच्या कुशीसारख्या फुगीर, खिडक्या तळहाताएवढ्या, लोखंडी खिळा औषधालाही नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. खात्यातले पदवीवाले मला 'स्वयंभू तज्ज्ञ' म्हणून हसतात. हसोत बापडे. वारसा-यादीसाठी याचा अहवाल मीच लिहिणार. यादीत आलं तर घर वाचेल, नाहीतर काठावरच्या नव्या रस्त्यात जाईल.
मालकीणबाई एकट्याच राहतात. मला माडीवरची खोली दिली आणि बजावलं, भाऊ, मधली बंद खोली सोडून काय हवं ते मोजा.
शनिवारी आमची ही येतेय. म्हणते, तुमच्या त्या जुन्या सवतीला एकदा बघूनच घेते.

४ एप्रिल, मंगळवार
एक खोली गाळून अहवाल म्हणजे नाक कापलेला फोटो. मालकीणबाई बाजारात गेल्यावर पहार लावून मधल्या खोलीचं दार बाहेर ओढलं. आत ठोकायची एक लाकडी मोगरी, एक बोथट छिन्नी. बाकी रिकामी, कोरडी ठाक. फळ्यांच्या सगळ्या फटींत आतून कापूस आणि राळ ठासलेली. दाराच्या कडेलाही होती, ती तुटून लोंबली. मूळ लाकूड दिसावं म्हणून दोन फटी खरवडून मोकळ्या केल्या. नंतरच्या लिंपालिंपीची मी गय करत नाही. दार पुन्हा लोटून ठेवलंय.

५ एप्रिल, बुधवार
जिन्याजवळच्या भिंतीला ओल. नदी तर उन्हाने आटून पार पलीकडे सरकलेली. काठावर होडी दुरुस्त करणाऱ्या सुताराला फटींचं विचारलं. तो हसत सुटला. म्हणाला, साहेब, एवढी घरं मोजलीत आणि हे ठाऊक नाही? फटी बुजवायच्या त्या नेहमी पाण्याच्या बाजूने. म्हणजे पाणीच कापूस दाबून बसवतं. होडी बाहेरून बुजवतात. आतून बुजवतात ते पिंप! मग हे कुठे पाहिलंत, असं त्याने विचारलं. मी सांगितलं. तो हसायचा थांबला आणि हत्यारं आवरू लागला.

६ एप्रिल, गुरुवार
ओल नव्हे, पाणी. मधल्या खोलीतून बाहेर झिरपतंय. दार उघडून पाहिलं, आत कोरडं. दार लावलं की फटींतून धार.
मालकीणबाईंना कळलं. दाराच्या कडेचा लोंबता कापूस बोटांनी चाचपला. म्हणाल्या, आमचे हे गेले होते आत, बुजवायला. त्याआधी मामंजी. दाराची फट बाहेरून बुजत नाही हो, भाऊ.
पण खोली रिकामी होती. मी स्वतः पाहिलं. फक्त मोगरी—

७ एप्रिल, शुक्रवार
दिवसभर बाहेरून बुजवतोय. कापूस टिकत नाही, आतून कुणी बोटाने ढकलावा तसा बाहेर येतो. हिला फोन केला, येऊ नकोस. हसली. म्हणाली, सवतीने बरंच गुंतवलेलं दिसतंय, आता तर येणारच.

८ एप्रिल, शनिवार, सकाळ
ही आली. मला हाक ऐकू आली तोवर घरात येऊन बाहेरचं दार लावून मोकळी. ते फुगून बसलंय. पहार वाकली. खिडक्यांतून हात जेमतेम जातो. बाहेरच्या भिंतीही होडीच्याच — पाण्याला जायला वाट नाही. गुडघ्याच्या वर आलंय.

दुपार
कमरेएवढं. दोघी जिन्यावर. ही म्हणते, अहो, मरू दे ते घर, वर या. पण वर तरी किती—
कापूस आहे. राळ आहे.

मधल्या खोलीत आलो. दार ओढून घेतलं. इथे कोरडं ठाक. मी खरवडलेल्या दोन्ही फटी बुजवल्या. बसल्या — पक्क्या.
ही बाहेरून ओरडतेय, पाणी उतरतंय!
आता दाराची. ती थापा मारतेय. अहो, झालं ना, या की बाहेर — तिला कसं सांगू—
तीन कडा झाल्या. पाय गार पडलेत. विजेरी खाली धरत नाही.
मोगरी हातातून सुटली. पडल्याचा आवाज नाही. तरंगतेय.
शेवटची वीतभर— बोटांनीच—

अहवालात दुरुस्ती. मधल्या खोलीतली लिंपालिंपी नंतरची नाही, मूळचीच. कुणीही ती काढू न