सभासदाची शिफारस

चौल,
१० डिसेंबर २०२४

चि. सौ. शिवानीस रुचिताताईचे अ. उ. आशीर्वाद.

फोनवर आपल्या दोघींचं लगेच बिनसतं. गणपतीत मोदकाच्या सारणावरून बिनसलं होतं, ते तू विसरली असशील, मी नाही. तेव्हा आईने काढलेला तोडगाच बरा, की जे असेल ते लिहा आणि गणराजच्या हाती द्या. त्याचे ट्रक रोज रेवदंड्याकडे येतातच. बहीण आणि बायको यांचं टपाल वाहायला तोही खूश आहे. निदान दोघींचं ऐकून घ्यावं लागत नाही.

तर अभिनंदन. बालविकास आणि वर्तन तज्ज्ञांच्या संस्थेने तुला सभासद करून घेतलं म्हणून रविवारी तुमच्या घरी सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. मीही हसून केलं. पण खरं लिहिते, माझ्या पोटात दुखलं. लग्न होऊन आलीस तेव्हा तू खोकला आणि जुलाब बघणारी मुलांची डॉक्टर होतीस. न बोलणारं मूल, भिंतीवर डोकं आपटणारं मूल तू पहिल्यांदा नीट पाहिलंस ते माझ्या थेरपी केंद्रात, माझ्या चटईवर बसून. मग मोठं शिक्षण घेतलंस आणि आता सभासद झालीस. माझा अर्ज मात्र दोनदा परत आला, कारण माझ्या पदविकेला तिथे किंमत नाही. पिकतं तिथं विकत नाही अशी मनाची समजूत घालून मी गप्प बसले होते.

यंदा त्यांनी थेरपिस्टांसाठी वेगळा वर्ग काढलाय. अर्ज जानेवारीअखेर पोचायला हवा, सोबत एका सभासदाची शिफारस. आपल्या बाजूला सभासद एकच, आणि ती माझ्या धाकट्या भावाची बायको. पालकांनी माझे अहवाल शाळेत नेले की मुख्याध्यापक विचारतात की या बाई कोण. ते एकदा बंद व्हावं एवढंच मला हवंय. यंदा राहिलं तर पुन्हा उमेद धरवणार नाही.

लोभ आहे, पण सध्या जरा आंबट आहे. चालवून घे.

तुझी,
रुचिताताई


अलिबाग,
१४ डिसेंबर २०२४

ती. रुचिताताईंना शिवानीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग वाईट वाटलं. चटई तुमचीच होती, हे मी मुंबईत मुलाखतीलाही सांगितलं. तुम्ही विश्वास ठेवणार नाही, म्हणून गणराजकडून खात्री करून घ्या, ते दाराबाहेर बसून ऐकत होते. शिफारस मी आनंदाने देईन. एवढं लिहायला पेन अडलं असेल ना तुमचं? मला दिसलं अक्षरावरून.

पण रविवारी जेवण न करता का निघालात? आईंनी तुमच्यासाठी जिताडा माशाची आमटी वेगळी काढून ठेवली होती. त्या दिवसभर म्हणत होत्या की रुची कुठं गेली, रुची जेवली न्हाय. शेवटी आमटी गणराजनी संपवली.

तुम्ही मागच्या पडवीत केसरजवळ बसला होतात म्हणे. पाहिलंत ना, साडेतीन वर्षांची माझी लेक ठोकळ्यांचा केवढा मनोरा रचते! माझी चाचणीची पेटी तिची सगळ्यात लाडकी. ठोकळे, खुंट्या, आकारांची पाटी, काही द्या, चुटकीसरशी करते. परवा गंमत म्हणून तिची रीतसर चाचणी घेतली, तर वयाच्या पुढे निघाली. दवाखान्यात दिवसभर मागे पडलेली मुलं बघते आणि घरी येऊन हिला पाहिलं की बरं वाटतं.

माया आहे ती तशीच असू द्या, आंबट तर आंबट.

तुमची,
शिवानी


चौल,
१७ डिसेंबर २०२४

चि. सौ. शिवानीस अ. उ. आशीर्वाद.

हे पत्र एकटी असताना वाच. गणराजला नंतर सांग.

जेवण न करता निघाले त्याचं कारण फक्त हेवा नव्हतं. तुझ्या सत्काराची भाषणं चालली होती, सगळे टाळ्या वाजवत होते. मला ते ऐकवेना, म्हणून मी मागे गेले. केसर मनोरा रचत होती. शेवटचा ठोकळा ठेवला, तरी तिने वळून पाहिलं नाही. मनोरा उभा राहिला की मूल वळतं, कुणी पाहिलं का ते बघतं. ते तुलाही माहीत आहे, कारण मीच तुला दाखवलं होतं. मी एक ठोकळा मुठीत लपवला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, डब्याचं झाकण काढावं तशी माझी बोटं उघडली. नावाने हाक मारली, ती हलली नाही. बिस्किटाचा पुडा वाजला तेव्हा मात्र लगेच मान वळवली, म्हणजे कान चांगले आहेत. तहान लागली तर माझा हात धरून माठाकडे ओढत नेला. गाणी अख्खी म्हणते, पण पाणी मागत नाही.

तुझ्या चाचणीत ती पुढे निघाली, कारण तुझी पेटीच तिचं खेळणं आहे. जे रोज खेळते त्यात नापास कशी होईल? ही चूक दुसऱ्या कुठल्या आईच्या हातून झालीच नसती, कारण दुसऱ्या कुणाच्या घरी ती पेटी नसते.

मला तुझा हेवा वाटतो हे मी आधीच लिहून बसलेय, आता तू याला हेवाच म्हणशील. म्हण. हेवा आहेच. पण मी टाळ्या वाजवत नव्हते, म्हणून मला दिसलं. माझी शिफारस राहू दे, पोरीला कुणा परक्या डॉक्टरला दाखव.

रागावलीस तरी पत्र फाडू नकोस.

तुझी,
ताई


अलिबाग,
२३ डिसेंबर २०२४

ती. ताईंना नमस्कार.

तुम्हाला माझं यश बघवलं नाही, हे तुम्ही स्वतःच लिहिलं होतं. पण त्यासाठी माझ्या लेकीत खोट काढाल असं वाटलं नव्हतं. मी दिवसाला अशी किती मुलं तपासते आणि माझ्याच घरातलं मला कळणार नाही? गणराजना सांगितलं तर ते उठून ट्रक धुवायला गेले. आई म्हणाल्या की आमचा गणराज चार वर्साचा होईपर्यंत कुठं बोलत व्हता, पोरीला काय बी झालं न्हाय.

शिफारस मी देणार होते. आता हात धजत नाही. काही दिवस पत्र नको.

शिवानी


अलिबाग,
१९ जानेवारी २०२५

ती. रुचिताताईंना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र फाडलं नव्हतं. संक्रांतीच्या आधी ती पेटी माळ्यावर टाकली आणि केसरसमोर नुसती बसून राहिले, हातात काही न घेता. तिला मी दिसतच नव्हते. मग मी डॉक्टरसारखं बघायला लागले आणि जे बघितलं ते सगळं तुमच्या पत्रात होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याच घरात होता.

मुंबईला दाखवून आलो. ऑटिझम आहे. लवकर कळलं, असं ते डॉक्टर म्हणाले. कुणाच्या लक्षात आलं, असंही त्यांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं तेव्हा मला तुमचा इतका हेवा वाटला, की तिथेच रडू आलं. आई मी, शिकलेली मी, आणि दिसलं तुम्हाला. येताना लाँचमध्ये गणराज मांडव्याचा धक्का येईपर्यंत केसरला मांडीवर घेऊन समुद्राकडे बघत होते. आई अजून ऐकत नाहीत. रोज पालीच्या गणपतीला नवस बोलतात.

आठवड्यातून तीन सकाळी तिच्याबरोबर खेळत शिकवणारं माणूस हवंय. डॉक्टरांनाही तुम्हीच पटलात, दर महिन्याला ते स्वतः बघणार आहेत. पण एक अडचण आहे. सभासदाने जवळच्या नात्यातल्या मुलावर उपचार करायचे नाहीत, असा संस्थेचा नियम आहे. तुम्ही सभासद नाही, तोवर तो तुम्हाला लागू नाही. झालात तर केसरला पनवेलला न्यावं लागेल, नवं माणूस, नवी जागा, दीड तासाचा रस्ता.

शिफारस सोबत जोडली आहे. मनापासून लिहिली आहे, चटईसकट. महिनाअखेर जवळ आली. काय करायचं ते तुम्हीच ठरवा. मी काही मागणार नाही, मागायचं तोंड मी ठेवलेलं नाही.

जमेल तशी माया ठेवा.

तुमची,
शिवानी


चौल,
२२ जानेवारी २०२५

चि. सौ. शिवानीस अ. उ. आशीर्वाद.

तुझी शिफारस वाचली, पुन्हा वाचली, मग शेजारच्या अमिषाला वाचून दाखवली. माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी लिहिलं नव्हतं. म्हणून ती परत पाठवत नाही, माझ्याजवळ ठेवते. अर्ज मात्र यंदा जाणार नाही. पुढच्या वर्षी जाईल की नाही, ते केसर ठरवेल.

मी मोठ्या मनाने वगैरे करतेय असं समजू नकोस. अर्ज कपाटात ठेवताना मला तुझा रागच आला. तू मुंबईच्या सभांना जाशील, गळ्यात नावाची पट्टी घालून फोटो काढशील. काढ, पण निदान फेब्रुवारीत तरी घरच्या ग्रुपवर टाकू नकोस. मुख्याध्यापक विचारतील की या बाई कोण, त्यांना मी पूर्वीसारखंच उत्तर देईन. आईला सांग, नवस बोलायचा तो बोल, पण सोमवारी पोरीचं आवरून ठेव.

सोमवारी सकाळी दहाला केसरला घेऊन ये. तिला माझ्याकडे सोड आणि तू आत येऊ नकोस. दार लावलं की आतून रडण्याचा आवाज येईल, पहिले काही दिवस येतोच, तरी दार उघडू नकोस. बाहेरच्या बाकावर बस, बाकीच्या आया बसतात तिथे. तुला रडू आलं तर हिरामणच्या आईजवळ सरक. ती तिथली जुनी आहे, पाणी कुठे असतं ते तिला माहीत आहे.

लोभ आहे. हेवाही आहे. दोन्ही घेऊन ये.

तुझी,
रुचिताताई