अप्पांच्या समाधीशेजारची विहीर

आदिस अबाबा
१० मार्च १९८५

ती. बसलिंगप्पा अण्णांना धाकट्याचे शरणार्थ. अव्वाच्या पायांवर डोकं.

मी खुशाल आहे. दुष्काळ इथून लांब उत्तरेला आहे. शहरात पाणी मिळतं. मी शिकवतो त्या वर्गात मुलं थोडी कमी दिसतात, इतकंच.

आपल्या रीतीनं अप्पांना बसवून माती दिली, त्या समाधीलगतच पाणाड्यानं पाणी दाखवलं आणि अव्वा म्हणाली, "बसलेल्या माणसाला पाण्यापायी उठवता का रं?" तुम्ही माझं मत मागितलंत. मी उत्तर टाळत होतो.

रविवारी मुलांना घेऊन संग्रहालयात गेलो. तिथं तीस लाख वर्षांपूर्वीच्या एका बाईची हाडं आहेत. उंची आपल्याकडच्या पाच-सहा वर्षांच्या पोरीएवढी, पण गुडघ्यावरून कळतं की ती आपल्यासारखीच दोन पायांवर चालायची. ती मेली तिथं तेव्हा तळं होतं म्हणे. आज नुसती कोरडी माती आहे. तिची माणसं पाण्यामागं चालत गेली असतील. उत्तरेकडची माणसं परवा तशीच चालत शहरात आली.

अण्णा, विहीर खणा. दुरून सांगणं सोपं, हे मला कळतं. पण समाधीपासून चार हात सोडून खणा. अप्पांना बसू द्या.

पाणी नाही लागलं तर? लातूर जिल्हा झाला, आता टँकर तरी येतो का? शेजारची घरं बंद होताहेत का? खरं लिहा.

गाव सोडायची वेळ आली, तर आधी मला कळवा. पुढं कधी कुणी ती माती उकरली, तर अप्पांच्या बैठकीवरून त्यांना एवढंच कळेल, की हा माणूस कुणाची तरी वाट बघत बसला होता.

तुमचा,
सिद्धेश्वर