घेतली म्हटल्याशिवाय

दि. १२ जानेवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आ. वि. वि.

वर सवयीने ‘सौ.’ लिहून गेलो. खोडावं तर खोडलेलं जास्त दिसतं, आणि नवा कागद घेतला तरी हात तेच लिहिणार. तेव्हा राहू दे, राग मानू नकोस. पोराला जाऊन अर्धं वर्ष होत आलं, पण माझ्या हाताला अजून कळलेलं नाही.

इकडे सर्व ठीक. तुझी भिंगरी घर डोक्यावर घेते आहे. गिरणीतल्या मागांनी माझे कान खाल्ले ते बरंच झालं, नाहीतर तिच्या बडबडीने गेले असते. फोनवर तू काय बोलतेस ते मला कळत नाही, म्हणून हा कागदाचा खटाटोप. भिंगरी सांगते की आई फोनवर नुसतं ‘हं’ म्हणते. तिला म्हटलं, तुझ्यापुढे कोणाला दुसरं काही म्हणायला सापडतं का!

आता मुद्द्याचं. तू म्हणाली होतीस, थोडे दिवस ठेवा, मी सावरले की नेते. मी ठेवून घेतली, इथल्या शाळेत तात्पुरती बसवली. पण सुट्टीनंतर नवीन वर्ष सुरू होईल, आणि मग तात्पुरतं चालणार नाही. पोरीने तुझ्याकडे राहायचं की माझ्याकडे, हे तिच्या आईने ठरवायचं, बहिऱ्या म्हाताऱ्याने नाही. केव्हा नेतेस ते कळव.

जेवत जा. लोभ आहेच, तो मागून घ्यायची वेळ आणू नकोस.

तुझा,
बाबा

दि. २१ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

‘सौ.’ राहू द्या. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं म्हणजे मला कशाचंच काही वाटत नाही, तेच सांगायला बसले आहे.

काल दूध उतू गेलं. मी गॅसपाशीच उभी होते, बघत होते. वर आलं, सांडलं, ज्योत विझली. मग मी बटण बंद केलं आणि ओटा पुसला. दुकानातलं काम मात्र बिनचूक होतं. चष्म्याच्या काड्या गरम करून कानामागे वाकवते, स्क्रू आवळते, गिऱ्हाईक आरशात बघून ‘आता कसं स्वच्छ दिसतंय’ म्हणतं, मी ‘छान’ म्हणते. रडू आलेलं नाही. ह्यांच्या ऑफिसातून फोन आला की जिन्यात कोसळले, तेव्हाही नाही. शेजारणी आधी कौतुक करायच्या, किती धीराची म्हणून. आता नुसत्या बघतात.

एक झालं. बाहुल्यांच्या वर्गातून फोन आला. ह्यांनी स्वतःचं आणि भिंगरीचं नाव तिथे घालून ठेवलं होतं, शनिवार-रविवारची शिकवणी. मला कधी बोलले नव्हते. जागा राखून ठेवल्या आहेत, येताय ना, असं विचारत होते. रद्द करायला म्हणून गेले. दारातच शिकवणाऱ्या बाई भेटल्या. रद्द म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा आत जाऊन बसणं सोपं होतं.

मोज्याची बाहुली करायची होती. मी डोळ्यांच्या जागी बटणं शिवली. मग प्रत्येकाने आपल्या बाहुलीला बोलतं करायचं होतं. माझी गप्पच राहिली. बाई म्हणाल्या, हरकत नाही, गप्प बसणाऱ्याही लागतात.

भिंगरीला तिकडच्याच शाळेत घाला, बाबा. कायमची. ती धावत येऊन गळ्यात पडेल आणि मी दुधाकडे बघत उभी राहिले तशी उभी राहीन. तिला ते कळेल. असली आई असण्यापेक्षा आजोबा परवडले.

तब्येतीला जपावे. कृपा असू द्यावी.

आपली,
सून

दि. २ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अनेक आ. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. शेवटचा परिच्छेद मी वाचलाच नाही असं समज. आजोबा परवडले म्हणे! आजोबांच्या गुडघ्यांना विचार. तुझ्या लेकीला वेणी घालताना माझ्या नाकी नऊ येतात. अख्खं आयुष्य तुटलेला धागा सांधण्यात गेलं, पण तो धागा निदान मान हलवत नसे. रोज एक बट बाहेर राहते आणि शेजारच्या काकू ती बघून हसतात.

काही वाटत नाही म्हणतेस. मलाही बरंच काही वाटत नाही. जेवणाला चव नाही, पेपरात मन नाही. पण सकाळी पोरीला उठवायचं असतं म्हणून उठतो. एवढंच काय ते सांगतो आहे, उपदेश समजू नकोस.

पोराने नाव घालून ठेवलं होतं हे वाचून मात्र जुनं आठवलं. लहानपणी माझ्या धोतराच्या टोकाला गाठी मारून माणसं करायचा. तू तो वर्ग सोडू नकोस. भिंगरीचा दात पडला, तो ती तुला देणार आहे, मला दाखवतसुद्धा नाही.

जीव टांगणीला लावू नकोस, लवकर लिही.

बाबा

दि. १६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

वर्ग सोडलेला नाही. दुसरी शिकवणी कागदाच्या लगद्याची झाली. कागद भिजवायचा, कुटायचा, चेहरा घडवायचा. माझ्या हातून एक म्हातारा झाला. नाक तुमच्यासारखं आलं, मुद्दाम नाही केलं. आता तिसरी सुरू आहे, टेबलावरच्या बाहुलीची. माझाच म्हातारा घेतला आहे. त्याला लाकडाचं अंग, चिंध्यांचे सांधे. एका बाहुलीला तीन माणसं लागतात. डोकं आणि उजवा हात एकाकडे, डावा हात आणि कंबर दुसऱ्याकडे, पाय तिसऱ्याकडे. पाय माझ्याकडे आले.

पायवाल्याला चेहरा दिसत नाही, वाकूनच राहावं लागतं. मला तेच बरं आहे. पहिला अख्खा दिवस बाईंनी त्याला नुसता श्वास घ्यायला लावला. तिघांनी एकदम, जरा वर, जरा खाली. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की मला आतून काही वाटत नाही, मला हे जमणार नाही. त्या म्हणाल्या, वाटायचं काम बाहुलीचं आहे, तुम्ही फक्त नजर काढू नका आणि हात काढू नका. तुम्ही बघाल तर लोक बघतील.

त्यांचा एक नियम आहे. बाहुली एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना, घेणाऱ्याने ‘घेतली’ म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय देणाऱ्याने सोडायचं नाही. नाहीतर क्षणभर ती कोणाचीच नसते, आणि तेवढ्यात मरते. लोकांना लगेच कळतं म्हणे. खेळाच्या मध्यावर आमचे तिघे दुसऱ्या तिघांना म्हातारा देणार. आधी डोकं जाईल, मग हात, पाय सगळ्यांत शेवटी. माझ्याकडून पाय घेणारे गृहस्थ बँकेत पहारेकरी आहेत. हात भलेमोठे, पण घेतात हळूच.

शाळेचं मी लिहिलं होतं ते मनापासून. विचारून या.

आपली,
सून

दि. २७ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अनेक आ. वि. वि.

तुझा तो नियम भिंगरीला वाचून दाखवला आणि पस्तावलो. आता या घरात काहीही द्यायचं-घ्यायचं झालं की ‘घेतली’ म्हणावं लागतं. दुधाचा पेला, पेन्सिल, माझी काठी. मला ऐकू येत नाही, तर तिने तोडगा काढला. स्टुलावर चढते, माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवते आणि ओठ हलवून म्हणते. मला आता तिचे ओठ वाचता येतात. इतकी वर्षं बहिरा आहे, पण ही युक्ती कोणाला सुचली नव्हती. काकू सुटे पैसे मागायला आल्या, तर त्या ‘घेतले’ म्हणेपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही. त्या भलत्याच लाजल्या. आता पुढचा महिनाभर टोमणे.

तू इतकं म्हणतेस म्हणून शाळेत जाऊन आलो. जागा आहे. तुझ्या सहीची चिठ्ठी लागेल. बाई बऱ्या वाटल्या, मोठ्याने बोलतात. घरी खिडकीपाशी तिचं टेबल मांडलं आहे, उजेड चांगला येतो. वेणी आता दोन्ही बाजूंनी जमते. तुझी तशीच इच्छा असेल तर माझी हरकत नाही.

लोभ वाढतोच आहे, काळजी नसावी.

बाबा

दि. ११ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पुढच्या रविवारी आमचा खेळ आहे. हॉलबिल नाही, वर्गाच्याच खोलीत, घरच्या माणसांपुढे. भिंगरीला घेऊन या. पुढच्या रांगेत बसा. बोलणं फारसं नाहीच, म्हातारा टेबलावरून चालत जातो एवढंच, त्यामुळे तुमचं काही बुडणार नाही.

चिठ्ठी सही करून ठेवली आहे, आलात की हातात देईन. टेबल मांडलंत हे चांगलं केलंत. तिला सवय झालेली दिसते. लिहिताना काही वाटलं नाही, म्हणजे बरोबरच असावं.

वाट बघते.

आपली,
सून

दि. २३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही लगेच गाडी गाठायला निघालात, बोलणं झालं नाही. तुम्ही पाहिलंतच, पण माझ्या बाजूने काय झालं ते सांगते.

म्हातारा टेबलाच्या मध्यावर थांबला. डोकं गेलं, हात गेला. पहारेकऱ्यांनी माझ्या हातांच्या वर हात ठेवला आणि ‘घेतली’ म्हणाले. नीट म्हणाले, मला स्वच्छ ऐकू आलं. आणि मी सोडलं नाही. सोडायचं नाही असं ठरवलं नव्हतं. हातच सुटेना. त्यांनी पुन्हा म्हटलं. वरचे दोघे म्हाताऱ्याला पुढे नेत होते, पाय माझ्यापाशी. बिचारा ताणला गेला, वाकला, मागे वळून बघायला लागला. लोकांना वाटलं खेळच तसा आहे. मग पुढच्या रांगेतून भिंगरी ओरडली, आई, त्यांनी घेतली म्हटलं ना, सोड की आता. सगळे हसले. मी सोडलं.

नंतर आत जाऊन बघितलं तर अंगठ्यावर लाकडाचा वळ उठला होता आणि ठणकत होता. बाबा, तो दुखला. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी दुखलं. बाई रागावल्या नाहीत, सगळ्यांनाच एकदा होतं म्हणाल्या.

तुम्ही दोघं रस्ता ओलांडून जाताना मी खिडकीतून बघत होते. तिचा हात तुमच्या हातात होता. मला ‘घेतली’ कोणी म्हटलंच नव्हतं. मीही कोणाला म्हटलं नव्हतं. ती मधल्यामध्ये आहे, आणि तुमच्याकडे पाठवली त्या दिवसापासून मीच तिला तशी ठेवली आहे.

चिठ्ठी दिली नाही ते विसरले म्हणून नव्हे. ती फाडली. मला माझी मुलगी हवी आहे. अजून बरी झालेली नाही मी. पण नजर काढणार नाही आणि हात काढणार नाही, एवढं नक्की जमेल.

आपली,
सून

दि. २८ मार्च

चि. सूनबाईस,
अनेक आ. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. जानेवारीत केव्हा नेतेस म्हणून तुझा जीव खाणारा मीच, आणि आता नेते म्हणालीस तर माझंच तोंड उतरलं. खरं सांगतो, मला नाही द्यायची. टेबल मांडलं, वेणी शिकलो, आता कुठे घरात कोणी माझ्या तोंडाकडे बघून बोलायला लागलं होतं. पण पोर तुझी आहे. खेळात त्या भल्या माणसाचे ओठ मला दिसले होते. दोन्ही वेळा. तू सोडलं नाहीस तेव्हा मी मनात म्हटलं, शाबास.

सुट्टी लागली की रविवारी सकाळच्या गाडीने आणतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरतो. मुक्कामाचा आग्रह करू नकोस, मग माझा पाय निघणार नाही. नियमाप्रमाणे होऊ दे. तू ‘घेतली’ म्हणाल्याशिवाय मी सोडणार नाही. माझ्याकडे तोंड करून म्हण, ऐकू येत नाही मला.

बाबा

दि. १४ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलात ना? पहिल्यांदा कानांचं बोलते. डॉक्टरांना दाखवा. संध्याकाळी निघताना तुमच्याकडे तोंड करून ‘घेतली’ म्हटलं, तुम्ही पाट्या वाचत उभे. पुन्हा म्हटलं, तुम्ही भिंगरीची पिशवी सारखी करत होतात. तिसऱ्यांदा भर गाडीतळावर ओरडले, हमाल थांबून बघायला लागले. तेव्हा कुठे तुम्ही तिचा हात सोडलात. तुमचं बहिरेपण वाढलंय, माझं ऐका.

गाडी हलली तेव्हा खिडकीत तुमचा तो हात दिसला. तिचा धरला होता तसाच, अर्धवट मिटलेला. मला रडू आलं. गाडीतळावरच आलं, चांगलं हमसून. भिंगरी म्हणाली, आई, आता घरी चल, मला भूक लागली. मग घरी आलो.

रोज काही छान जात नाही. कधी ती बोलत असते आणि मी लांबून ऐकते असं वाटतं. पण मी तिच्याकडे बघत असते. आज सकाळी दूध वर आलं, मी बटण बंद केलं. सांडलं नाही.

पडलेला दात तिने मला दिला. ‘घेतला’ म्हटलं. सुट्टीतल्या शनिवारी तिला त्या वर्गात नेणार आहे, तिची जागा अजून राखलेली आहे.

आपली,
सून

दि. २० एप्रिल

चि. सूनबाईस,
अनेक आ. वि. वि.

सुखरूप पोचलो. घर तसं ठीक आहे. टेबल हलवलेलं नाही, त्याच्यावर आता मी पेपर वाचतो, उजेड खरंच चांगला येतो. दूधवाल्याला एक पिशवी कमी कर म्हणून सांगायचं राहून जातं. काकू वेणीसाठी डोकं पुढे करू का म्हणून विचारतात. वय झालं तरी खोड जात नाही बाईची.

डॉक्टरबिक्टर काही नको. मागांनी नेलं ते डॉक्टर काय आणून देणार? वर्गात काय काय शिकली ते भिंगरीला स्वतःच्या हाताने लिहायला सांग. चुका काढू नकोस, त्या मी काढीन. सुट्टी संपायच्या आत एकदा दोघी या.

लोभ दोघींनी धरून ठेवावा. मी सोडत नाही.

तुझा,
बाबा

ता. क. : गाडीतळावर तू पहिल्यांदा ‘घेतली’ म्हणालीस ते मला दिसलं होतं. भिंगरीला सांगू नकोस.